बार्शीचे दोन प्रयोग : गर्भाशयमुखाचा कर्करोग, विषाणुपरीक्षा आणि एका मात्रेची लस

कर्करोग हा संसर्गाने होणारा रोग नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत ती यथार्थही आहे. परंतु स्त्रियांना होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग हा या समजुतीला फार मोठा अपवाद होय. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणुकुलातील काही जातींचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग हे या रोगाचे मूळ आहे. हॅराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या कुलातील १६ व्या क्रमांकाची आणि १९८४ साली १८ व्या क्रमांकाची जात कर्करोगाच्या पेशींतून वेगळी केली. या कार्याबद्दल त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जगात या रोगाचे जे रुग्ण आढळतात, त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के या दोनच जातींमुळे उद्भवतात.

रोगाचे कारण विषाणू आहे असे एकदा ठरले म्हणजे प्रतिकाराचे दोन मार्ग खुले होतात. एक, विषाणू शरीरात आहे किंवा नाही हे तपासून रोग पूर्वावस्थेतच गाठणे. आणि दुसरा, लस देऊन संसर्गच होऊ न देणे. या दोन्ही मार्गांविषयी जगाने गेल्या काही वर्षांत जे निर्णय घेतले, त्यांच्यामागील पुराव्याचा महत्त्वाचा भाग सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या गावाशी निगडित आहे. त्यांपैकी एक पुरावा योजनापूर्वक मिळविलेला होता. दुसरा योजना मोडली म्हणून हाती आला.

बार्शी हे बालाघाटाच्या पायथ्याकडील व्यापारी गाव. पूर्वी मुंबई इलाख्यात असलेले हे गाव आणि निजामाच्या राज्यातील परांडा, भूम हे तालुके यांच्यामध्ये १९४८ पर्यंत राज्याची सीमा होती. परंतु बाजारहाट आणि औषधपाणी यांना ती सीमा कधीच अडवू शकली नाही. म्हणूनच १९८७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या योजनेखाली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू झाली, तेव्हा बार्शी, परांडा व भूम या तिन्ही तालुक्यांतील ३४६ खेडी तिच्या कक्षेत घेण्यात आली. शहरातील नोंदणीला रुग्णालयांची दप्तरे आणि मृत्यूचे दाखले पुरतात. खेड्यात मृत्यूचे कारण लिहून देणारा वैद्यच नसतो, तेथे दप्तरावर विसंबून भागत नाही. म्हणून या नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना एकत्र बसवीत, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात तपासणीसाठी आणीत.

या पद्धतीतून एक अनपेक्षित लाभ झाला. ‘अंगावरून जाते’ एवढेच शेजारणीला सांगून वर्षानुवर्षे आजार अंगावर काढणाऱ्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर रुग्णालयात येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, केवळ जागृतीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग अलीकडच्या अवस्थेत ओळखला जाण्याचे प्रमाण वाढल्याचे दाखवून दिले. मोजणी करणे हाही एक प्रकारचा उपचारच ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

या पायावर पहिला मोठा प्रयोग उभा राहिला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ च्या ऑक्टोबर महिन्यात लगतच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तो सुरू केला. (२०२३ पासून या जिल्ह्याचे नाव धाराशिव असे आहे.) प्रश्न सरळ होता : खेड्यातील स्त्रीची आयुष्यात एकदाच तपासणी करणे शक्य असेल, तर ती कोणत्या पद्धतीने करावी? उपलब्ध पद्धती तीन होत्या. पहिली पेशीपरीक्षा, म्हणजे गर्भाशयमुखावरील पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. पापानिकोलाऊ यांच्या नावावरून ती पॅप तपासणी म्हणून परिचित आहे. दुसरी दृश्यपरीक्षा, तीत गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावतात आणि पांढरे पडणारे डाग उघड्या डोळ्यांनी शोधतात. तिसरी विषाणुपरीक्षा, तीत पेशींच्या नमुन्यात विषाणूच्या तेरा धोकादायक जातींचे जनुकद्रव्य आहे काय, हे प्रयोगशाळेत पाहिले जाते.

तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया या प्रयोगात होत्या. खेड्यांचे ५२ गट करून चिठ्ठ्या टाकाव्यात त्या न्यायाने त्यांची चार भागांत वाटणी करण्यात आली. तीन भागांत प्रत्येकी एक परीक्षा आणि चौथ्या, म्हणजे तुलनागटात, कोणतीच परीक्षा नाही. सदोष आढळलेल्या स्त्रियांची दुर्बिणीतून पुन्हा तपासणी होई. रोगाची पूर्वावस्था असल्यास तो भाग गोठवून किंवा विद्युत्तारेने काढून टाकला जाई, आणि प्रत्यक्ष कर्करोग असल्यास शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार होत.

पहिल्या फेरीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले तेव्हा तिन्ही परीक्षांत फारसे अंतर दिसले नाही. तीव्र पूर्वावस्था सापडण्याचे प्रमाण विषाणुपरीक्षेत ०.९ टक्के, पेशीपरीक्षेत १.० टक्का आणि दृश्यपरीक्षेत ०.७ टक्के होते. तेथेच थांबले असते, तर पेशीपरीक्षाच किंचित सरस ठरली असती. परंतु प्रयोगकर्त्यांनी स्त्रियांचा आठ वर्षे पाठपुरावा केला, आणि २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले त्यांनी चित्र पालटले.

विषाणुपरीक्षेच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांत कर्करोगाच्या १२७ रुग्ण सापडल्या. तुलनागटातील ३१,४८८ स्त्रियांत ११८. म्हणजे रुग्णसंख्येत जवळजवळ फरक नाही. हे स्वाभाविकही आहे, कारण तपासणीमुळे एरवी लपून राहणारे रोगही उघडकीस येतात. फरक होता तो रोगाच्या अवस्थेत. दुसऱ्या किंवा त्यापुढील अवस्थेला पोचलेल्या रुग्णांची संख्या तुलनागटात ८२, तर विषाणुपरीक्षेच्या गटात अवघी ३९ होती. कर्करोगाने मृत्यू पावलेल्या स्त्रिया तुलनागटात ६४, विषाणुपरीक्षेच्या गटात ३४. म्हणजे मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. पेशीपरीक्षेच्या गटात ५४ आणि दृश्यपरीक्षेच्या गटात ५६ मृत्यू झाले. तुलनागटाशी त्यांचे अंतर संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरण्याइतके नव्हते.

सापडलेल्या पूर्वावस्था सारख्याच, मग मृत्यूंत इतके अंतर का? याचे उत्तर सदोष ठरलेल्या स्त्रियांपेक्षा निर्दोष ठरलेल्या स्त्रियांत शोधावे लागते. पेशीपरीक्षेत किंवा दृश्यपरीक्षेत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांना पुढील काळात कर्करोग होण्याचे प्रमाण, विषाणुपरीक्षेत निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून अधिक होते. मनुष्याचा डोळा, मग तो सूक्ष्मदर्शकावर असो वा नसो, आज दिसणारी विकृती पाहतो. विषाणुपरीक्षा विकृती दिसू लागण्यापूर्वीचे कारण पाहते. ज्या स्त्रीला परीक्षेसाठी पुन्हा पाच-दहा वर्षे कोणी बोलावणार नाही, तिच्या दृष्टीने परीक्षेच्या ‘नाही’ या उत्तराची विश्वासार्हता हीच खरी कसोटी होय. पाश्चात्य देशांत पेशीपरीक्षेने मोठे यश मिळविले ते दर काही वर्षांनी केलेल्या पुनरावृत्तीच्या बळावर, हे येथे विसरता येत नाही.

दृश्यपरीक्षेविषयी मात्र घाईने निर्णय देणे योग्य नव्हे. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात तिच्या एकाच फेरीने मृत्यूंत ३५ टक्के घट झाल्याचे २००७ साली, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तिच्या चार फेऱ्यांनी ३१ टक्के घट झाल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. एकच परीक्षा एके ठिकाणी सफल आणि दुसरीकडे निष्फळ ठरते, याचा अर्थ ती करणाऱ्या व्यक्तीच्या शिक्षणावर व सरावावर फार अवलंबून आहे. भारत शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांसाठी हीच परीक्षा निवडली गेली. तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि खर्चही अल्प आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली स्वीकारलेल्या धोरणात अधिक भरवशाच्या परीक्षेचा, म्हणजे व्यवहारतः विषाणुपरीक्षेचा, आग्रह आहे. बार्शीच्या आकड्यांचा कौल त्याच बाजूचा आहे.

उस्मानाबादच्या प्रयोगाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी पाहिली पाहिजे. तुलनागटातील ६४ मृत्यू हे केवळ कोष्टकातील रकान्याचे नव्हेत. ज्या रोगाची पूर्वावस्था ओळखता येते व बरी करता येते, त्यासाठी तीस हजारांहून अधिक स्त्रियांना परीक्षेवाचून ठेवणे कितपत नीतीला धरून होते, हा प्रश्न २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’च्या पृष्ठांवरून तीव्रतेने विचारला गेला. आक्षेपकांचे म्हणणे असे की, पेशीपरीक्षेचे मोल पश्चिमेत पूर्वीच सिद्ध झाले होते. म्हणून तुलनागटासही ती देणे अवश्य होते. प्रयोगाच्या समर्थकांचे उत्तर असे की, ग्रामीण भारतात अशी कोणतीच तपासणी प्रचलित नव्हती, आणि पेशीपरीक्षा तेथे यशस्वी होईल हे गृहीत धरता येत नव्हते. पेशीपरीक्षेच्या गटातील ५४ मृत्यू पाहता या उत्तरात तथ्य आहे. तथापि ते तथ्य प्रयोगानंतर कळले. १९९९ साली ते कोणासही ठाऊक नव्हते. मागाहून हाती आलेल्या ज्ञानाने आधीच्या निर्णयाचे समर्थन करणे ही तर्कदृष्ट्या लंगडी गोष्ट आहे. आक्षेप म्हणूनच अद्याप पुरता निरस्त झाला, असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रयोग लसीचा. विषाणूच्या बाह्य कवचातील एल-१ हे प्रथिन पेशींत निर्माण केले असता त्याचे रेणू आपोआप जुळून विषाणूसारखे पोकळ गोलक बनतात, हे जियान झोऊ व इयन फ्रेझर यांनी १९९१ साली ऑस्ट्रेलियात दाखविले. या गोलकांत जनुकद्रव्य नसल्यामुळे त्यांच्यापासून संसर्ग संभवत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र त्यांना विषाणूच समजून प्रतिपिंडे निर्माण करते. आधी झालेला संसर्ग या लसीने बरा होत नाही, म्हणून ती कोवळ्या वयातच द्यावयाची असते. आरंभी तिच्या तीन मात्रा ठरविण्यात आल्या होत्या. तीनदा टोचणे गरीब देशांस परवडणारे नव्हते. दोन मात्रा पुरतील काय, हे पाहण्यासाठी २००९ च्या सप्टेंबरात भारतातील नऊ केंद्रांत दहा ते अठरा वर्षे वयाच्या वीस हजार अविवाहित मुलींवर प्रयोग योजण्यात आला. बार्शीचे रुग्णालय त्या नऊ केंद्रांपैकी एक होते.

त्याच सुमारास आंध्र प्रदेशातील खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत लसीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तेथील सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्यांनी देशात खळबळ उडाली. चौकशी समितीने हे मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचा निष्कर्ष काढला; परंतु संमती घेण्याच्या पद्धतीत, विशेषतः वसतिगृहांतील मुलींच्या बाबतीत, गंभीर त्रुटी आढळल्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यांवर कठोर ताशेरे ओढले. शासनाने २०१० च्या एप्रिलमध्ये या लसीचे सर्वच प्रयोग थांबविले, आणि त्या आदेशात बार्शीसह नऊ केंद्रांचा प्रयोगही सापडला.

त्या दिवसापर्यंत १७,७२९ मुलींना लस टोचली गेली होती. ४,३४८ मुलींच्या तीन मात्रा आणि ४,९७९ मुलींच्या सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा पूर्ण झाल्या होत्या. ३,४५२ मुलींना दोन महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा मिळाल्या आणि पुढची मिळू शकली नाही. उरलेल्या ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळाली. प्रयोग मोडला, परंतु संशोधकांनी मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. जो प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी केले नसते, तोच आता आपोआप समोर उभा राहिला होता : एका मात्रेने भागेल काय?

सुमारे नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेले उत्तर असे होते. १६ व १८ या जातींच्या टिकाऊ संसर्गापासून एका मात्रेने मिळालेले संरक्षण ९५.४ टक्के, दोन मात्रांनी ९३.१ टक्के आणि तीन मात्रांनी ९३.३ टक्के. एका मात्रेनंतर प्रतिपिंडांची पातळी तीन मात्रांपेक्षा कमी राहते; परंतु ती वर्षानुवर्षे फारशी ढळत नाही, आणि तेवढी पुरेशी ठरते. कवचावरील रेणूंची अत्यंत नियमबद्ध मांडणी प्रतिकारपेशींना प्रथमदर्शनीच प्रबळ चेतना देते, अशी याची उपपत्ती दिली जाते.

येथे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य थबकले पाहिजे. एका मात्रेचा गट चिठ्ठ्यांनी ठरलेला नव्हता. तो परिस्थितीने ठरविलेला होता. शिवाय संरक्षणाचा ९५.४ हा आकडा ८५.० ते ९९.९ या मर्यादांत कोठेही असू शकतो. २०२२ साली केनियातील रीतसर वाटणी केलेल्या प्रयोगातही एका मात्रेचे अठरा महिन्यांतील संरक्षण ९७.५ टक्के आढळले, तेव्हा ही शंका बरीच फिटली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने वीस वर्षांखालील मुलींना एक मात्राही पुरेशी असल्याची शिफारस केली. २०२२ च्या जुलैमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या स्वदेशी लसीला परवानगी मिळाली. २०२० साली भारतात या रोगाच्या सुमारे १,२४,००० नव्या रुग्णांचा आणि सुमारे ७७,००० मृत्यूंचा अंदाज करण्यात आला होता. त्या दृष्टीने तिनाऐवजी एकदा टोचणे ही केवळ काटकसरीची बाब नव्हे.

एक प्रश्न मात्र या आकड्यांनी सुटलेला नाही. टिकाऊ संसर्ग टळला म्हणजे कर्करोग टळेल, हे अनुमान सबळ आहे. पण संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा पंधरा-वीस वर्षांचा असतो. २००९ साली अठरा वर्षांची असलेली मुलगी २०२१ मध्ये तिशीस पोचली; त्या वेळी दहा वर्षांची असलेली २०२९ च्या सुमारास पोचेल. अंतिम आकडे त्यांच्याच तपासण्यांतून निघावयाचे आहेत.