कासूला उतरा, नदी बघायला!

दिवा-रोहा गाडीत पेण गेलं की अर्धा डबा रिकामा होतो. पुढचं स्टेशन कासू. इथे कोण उतरतं? मीही कधी उतरले नव्हते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी 'आपल्या भागातली नदी' हा विषय मिळाला आणि एका रविवारी उतरले. स्टेशनच्या पूर्वेला डोंगर दिसतात. पश्चिमेला हायवे, आणि त्याच्या पलीकडे नजर जाईल तिथपर्यंत सपाट भातखाचरं. या सपाटीच्या कडेने आंबा नदी जाते.

नकाशा उघडा आणि आंबेवर बोट ठेवून चला, मजा येईल. खोपोली-खंडाळ्याजवळच्या सह्याद्रीत ती उगम पावते. समुद्र पश्चिमेला, पण बाई निघते दक्षिणेला! जांभूळपाडा, मग पाली करत ती वाकण-नागोठण्याकडे येते आणि तिथून चक्क उलटी फिरते. वायव्येकडे वळून, कासूच्या बाजूने, धरमतरच्या खाडीतून रेवसपाशी समुद्राला मिळते. रेवस तिच्या उगमाच्याही उत्तरेला आहे. म्हणजे एवढा फेरा मारून ती निघाली त्याच्या वरच्या अंगाला पोचते.

डोंगरातली आंबा तापट आहे. जुलै १९८९ मध्ये एका रात्रीत तिने जांभूळपाड्यात काय केलं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. कितीतरी माणसं गेली. रायगडात आजही 'एकोणनव्वदचा पूर' एवढंच म्हटलं तरी पुरतं.

नागोठण्याच्या खाली मात्र तिचा स्वभाव बदलतो. उतार जवळजवळ संपतो, त्यामुळे ती नागमोडी होते, गाळ टाकते आणि भरतीला उलटी वाहते. खरंच उलटी! मी बांधावर उभी होते तेव्हा एक प्लास्टिकची बाटली (आपलीच कृपा) नागोठण्याच्या दिशेने वर चालली होती. मी तिथल्या एका आजोबांना विचारलं, "आजोबा, ही नदी ना?" ते हसले. "नदी पावसात, पोरी. एरवी खाडीच."

आता त्या बांधाविषयी, कारण इथलं सगळं त्याच्यावर उभं आहे. ही खारजमीन. मोठ्या भरतीचं पाणी जिथे सहज पोचेल तिथे लोकांनी मातीचे बांध घालून भात पिकवलं. बांधात उघाडी असते, म्हणजे एक दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं. ना मोटार, ना वीज. इंजिनीअरिंगवाल्या मित्रांनो, एकदा बघून या.

पण उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले तर पाणी दोन्हीकडून दाबतं आणि बांधाला खांड पडते. खारं पाणी आत शिरतं. ते ओसरलं तरी मीठ मातीत राहतं आणि ते धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात. तोवर शेतकऱ्याने खायचं काय? पूर्वी गाव एकत्र येऊन खांड बुजवायचं. १९४८ मध्ये खारजमिनीचा कायदा आला, १९७९ मध्ये नवा आला आणि हे काम सरकारी खात्याकडे गेलं. आता घरटी एखादा तरी कंपनीत नाहीतर मुंबईला नोकरीला. आजोबांच्या घरातले दोघे नातू पनवेलला असतात. बांधावर चक्कर मारायला आजोबाच येतात, अमावस्या-पौर्णिमेला तर हमखास, कारण उधाण तेव्हाच.

मी निघाले तेव्हा त्यांनी खिशातून कॅलेंडरचं फाटलेलं पान काढून पुढच्या पौर्णिमेची तारीख दाखवली. "त्या दिवशी ये, पाणी कुठवर चढतं ते बघशील."

तारीख मी मोबाईलमध्ये टाकली आहे. तुम्ही येणार असाल तर चपला जुन्या घाला, चिखल भारी आहे. आणि परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, कारण कासूला गाड्या मोजक्याच थांबतात.