दोर हातात, मूठ सैल

शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी असेच म्हणतात. घोडेच्या काठी आमचे कापडाचे दुकान आणि भीमेच्या काठी, दौंडला, माझे आजोळ. दोन नद्यांच्या सहवासात बालपण गेले. परंतु पाण्याशी आमचा व्यवहार तेवढाच : पुराची वार्ता आली की खालच्या फळीवरचे तागे वर चढवायचे. शिडाची नौका चालविणे ही आमच्या घराण्यातील गोष्ट नव्हे.

वास्तविक समुद्र आपल्या समाजाला अगदीच परका नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९१९ साली सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. त्यांची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्याच वालचंदांचे वालचंदनगर आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात आहे. तथापि मी पंचावन्नाव्या वर्षी नौकेत बसलो तो त्यांच्या प्रेरणेने नव्हे, मुंबईत शिकणाऱ्या कन्येच्या आग्रहाने.

नौका लहान, दोघांची. सुकाणू आणि मागचे मोठे शीड तिच्याकडे. पुढचे तिकोनी शीड, ज्याला ‘जिब’ म्हणतात, ते माझ्याकडे. जिबचा दोर ओढला की शीड आत येते, सोडला की बाहेर जाते. काम एवढेच. जन्मभर कापड हाताळलेल्या माणसाला यात काय अवघड, असे मला वाटले. मी दोर घट्ट ओढला आणि शीड ढोलकीच्या चामड्यासारखे ताणले. एकही सुरकुती नव्हती. कन्या म्हणाली, “पप्पा, नौका थांबत चालली आहे.”

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वारा पाठीमागून असेल, तर तो शिडाला नुसता ढकलतो. परंतु वारा समोरून तिरका येत असेल, तर हवा शिडाच्या दोन्ही अंगांवरून विनाअडथळा वाहत गेली पाहिजे; पक्ष्याच्या पंखावरून वाहते तशी. शीड प्रमाणाबाहेर आत ओढले, की वाऱ्याआडच्या बाजूचा प्रवाह तुटतो. मग नौका पुढे जाण्याऐवजी कलते आणि आडवी सरकते. दोरावर जोर तर खूप जाणवतो, त्यामुळे नवशिक्याला वाटते की काम जोरात चालले आहे.

हवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जिबच्या पुढच्या कडेजवळ, दोन्ही बाजूंना, हलके धागे लावलेले असतात. दोन्ही धागे मागे सरळ वाहत असतील तर शीड योग्य. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर दोर थोडा ओढावा. वाऱ्याआडचा फडफडला तर थोडा सोडावा. धागे वर आणि खाली असे दोन ठिकाणी असतील तर आणखी एक खूण मिळते. वाऱ्याकडचा वरचा धागा खालच्याच्या आधी फडफडला, तर दोर ज्या कडीतून येतो ती कडी थोडी पुढे घ्यावी. खालचा आधी फडफडला, तर मागे. आणि काहीच उमजेनासे झाले, तर दोर सोडावा. शिडाची पुढची कड फडफडू लागेपर्यंत सोडावा, मग फडफड थांबेल इतकाच ओढावा. वारा क्षणोक्षणी बदलतो, म्हणून हेही पुन्हा पुन्हा करावे लागते.

एवढे ऐकूनही माझ्या हाताची सवय जाईना. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढला. मी दोर खाचेत अडकवून निर्धास्त बसलो होतो. अचानक एक झोत आला आणि नौका एका अंगावर गेली. “सोडा पप्पा, दोर सोडा!” ती ओरडली. भीतीने माझी मूठ अधिकच आवळली. पाणी कडेवरून आत आले. तिने तत्काळ मोठे शीड सोडले, सुकाणू वळवून नौकेचे तोंड वाऱ्याकडे केले आणि आम्ही सावरलो. अंगात लाइफ जॅकेट होते. परंतु त्या दिवशी आम्हांला वाचविले ते तिच्या सोडण्याने, माझ्या धरण्याने नव्हे. लहान नौकेत जिबचा दोर हातात ठेवावा, बांधून ठेवू नये, हा धडा मला असा मिळाला.

गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेने असे करणारे ते पहिले भारतीय. त्या बातम्या मी तेव्हा कौतुकाने वाचल्या होत्या. त्या प्रवासात एका माणसाला किती वेळा दोर ओढावा आणि सोडावा लागला असेल, याची कल्पना मात्र आता येते.

परतीच्या प्रवासात चौफुल्यापर्यंत मी फारसा बोललो नाही. शिक्षण संपताच दुकानाची खरेदी आपल्याकडे द्यावी, असे कन्या दोन वर्षे सांगत होती आणि मी ‘पाहू’ म्हणत होतो. आमच्या पिढीला वाटते, घट्ट धरले म्हणजे सांभाळले.

दिवाळीच्या वहीपूजनानंतर खरेदीची वही मी तिच्या हाती दिली. पहिल्या हंगामात तिने मागविलेला थोडा माल पडून राहिला. बोलावेसे वाटले, पण थांबलो. पुढच्या खरेदीत तिने तो अंदाज स्वतःच सुधारला. हिशेब मी आजही दर महिन्याला पाहतो. दोर हातातून सोडलेला नाही, मूठ तेवढी सैल केली आहे.