दाखला नाही म्हणून प्रवेश नाही? कायदा काय म्हणतो ते पाहू



दिवाळी झाली की आपल्या करमाळा तालुक्यात उजनीच्या काठाला, वांगी-केत्तूर-जेऊरकडच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको तोडीला जातात, आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीवर बसते. तिचं नाव कुठल्यातरी गावच्या पटावर असतंच, पण ती मात्र इथं असते. अशा मुलीला घेऊन कुणी शाळेत आलं, तर पहिला प्रश्न ठरलेला: "दाखला आणलाय का?"

आता कायदा बघू. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आलं आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आरटीई म्हटलं की बहुतेक पालकांना खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा तेवढ्या आठवतात. ते कलम १२ झालं. त्याची चर्चा भरपूर होते, म्हणून इथं सोडून देऊ.

आपल्या कामाचं आहे कलम ५. मुलाला कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा त्याला हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात लिहिलंय.

कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १५ प्रमाणे वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही घ्यावंच लागतं. शिक्षण अर्धवट सुटलं असेल तर कलम ४ सांगतं की वयानुरूप वर्गात बसवा आणि मागे पडलेलं विशेष प्रशिक्षणाने भरून काढा. दहा वर्षांच्या मुलीला वाचता येत नाही म्हणून पहिलीत बसवणं कायद्यात बसत नाही, आणि तिच्या मनालाही ते बरं नाही. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश होईल हे बघणं कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य ठरवलंय.

मग अडतं कुठं? माझ्या मते पटावर. आपली संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. नोव्हेंबरात आलेलं मूल त्या हिशोबात नसतं, म्हणजे नव्या शाळेला शिकवायचं काम वाढतं, पण शिक्षक वाढत नाही. उलट जुन्या शाळेला नाव कमी झालेलं परवडत नाही. कुणी वाईट वागतंय असं नाही, पण या हिशोबात मुलगी कोपीवरच राहते. त्यावर मार्ग म्हणजे शिक्षण हमी कार्ड. मूळ शाळेने ते हातात द्यायचं, त्यावर नव्या शाळेने तिला बसवून घ्यायचं, आणि परत जाताना इथली प्रगती नोंदवून द्यायची. कार्ड नसेल तरी मुलीला आधी वर्गात घ्या, मग त्या शाळेला फोन करा. मूळ गावी हंगामी वसतिगृह असेल तर पालकांना त्याचीही माहिती द्या, काही जण पुढच्या वर्षी मुलांना मागे ठेवतील.

प्रवेश नाकारलाच तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. निर्णयाला मुदत तीन महिने. गाळप हंगामच पाचेक महिन्यांचा, त्यामुळे तक्रारीवर विसंबून चालत नाही. त्याआधी केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा, काम लवकर होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यात निम्म्या महिला. कारखाना सुरू झाला की समितीने गावातल्या ऊसवाल्या शेतकऱ्याला आणि टोळीच्या मुकादमाला विचारायचं, "किती पोरं आलीत?" यादी तिथंच मिळते.