नागोबाचा श्वास आणि आजीची भूल

पोट्टेहो, आपल्या भद्रावतीत भद्रनागाचं मंदिर, त्यामुळे नागाच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. पण साप गिळताना श्वास कसा घेतो, हे कुणी सांगितलं का? धामण उंदीर धरते तेव्हा तिचं तोंड पुरतं भरलेलं असतं आणि गिळणं बराच वेळ चालतं. तरी ती गुदमरत नाही. कारण तिच्या श्वासनळीचं तोंड खालच्या जबड्यात असतं आणि घास मोठा असला की ती ते पुढे सरकवून बाहेर काढते. घास आत जात राहतो, हवाही जात राहते.

माणसाला ही सोय नाही. आपल्या घशात अन्नाची आणि हवेची अशा दोन वाटा एकमेकींना छेदतात. म्हणून तिथे कूर्चेची एक पानासारखी झडप आहे. गिळताना ती स्वरयंत्रावर झुकते, आणि थेंबभर पाणी चुकून गेलंच तर ठसका ते बाहेर फेकतो. ही राखण आपण झोपलो तरी पुरती सुटत नाही.

भुलेत मात्र सुटते. पुढच्या आठवड्यात आजीच्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत ना, तेव्हा तिला पूर्ण भूल देतील. जीभ मागे पडेल, ठसका उठणार नाही, स्नायू सैल करणाऱ्या औषधानं श्वासही थांबेल. म्हणूनच ऑपरेशनआधी काही तास उपाशी ठेवतात आणि कवळी काढायला सांगतात.

त्या वेळी सगळा जीव भूलतज्ज्ञाच्या हातात असतो. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू २० टक्के खातो आणि शिल्लक काहीच ठेवत नाही. रक्त पोचलं नाही, तर ४-५ मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात. म्हणून डॉक्टर आधी सुमारे ३ मिनिटं नाकातोंडावर मुखवटा धरून फुप्फुसं प्राणवायूनं भरून घेतात, मग श्वासनळीत नळी घालतात. बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा असतोच. कोरोनात घरोघरी पाहिला तोच. त्यामागचं तंत्र जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ साली मांडलं.

नळी स्वरतंतूंमधून जाताना म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब एकदम चढू शकतो. १९८१ मध्ये लंडनच्या डॉ. आर्ची ब्रेन यांनी स्वरयंत्रावर नुसता टेकणारा मऊ मुखवटा बनवला. त्यानं रक्तदाब कमी उसळतो. पण पोटातलं पाणी श्वासनळीत जाऊ न देण्यात नळीच अधिक भरवशाची. कोणाला काय लावायचं हे डॉक्टर माणूस पाहून ठरवतात.

आता खरी नवलाची बाब ऐका. ऑपरेशननंतर काही म्हातारी माणसं गोंधळतात, विसरतात. १९९८ साली ६० वर्षांवरच्या बाराशेहून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याभरानं सुमारे २६ टक्के लोकांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता घटलेली दिसली. तीन महिन्यांनी असे सुमारे १० टक्केच उरले. प्राणवायू कमी पडल्यानं हे होत असावं, असा संशोधकांचा अंदाज होता. पण तसा संबंध सापडला नाही. सर्वात ठळक ठरलं ते वय. जखमेमुळे अंगात उठणारा दाह मेंदूपर्यंत पोचतो, हेही एक कारण असावं असं आज मानतात. श्वासाची वाट राखल्यानं जीव वाचतो, पण मेंदूची काळजी तिथे संपत नाही, हे त्या अभ्यासानं मला शिकवलं.

तिथे तुमचं काम सुरू होतं. आजी शुद्धीवर आली की तिला चष्मा द्या, कानाचं मशीन लावा. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे सांगत राहा. दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवा आणि मोबाईल बंद करा, झोपू द्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की पाणी पाजा, हाताला धरून चालवा. ती वेड्यासारखं बोलली तर हसू नका, रागावू नका. आणि नुसती गप्प पडून राहिली, तर ‘थकली असेल’ म्हणून सोडू नका. तोही गोंधळच असू शकतो. लगेच नर्सताईंना बोलवा.