शोक, वारसा आणि अपुरे राहिलेले काम : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना एक अनुभव वारंवार येतो. पुस्तकातले काय आठवते असे विचारले की विद्यार्थी नाना गोखल्यांचे सोवळे सांगतात, टिळकांचा विसराळूपणा आणि लहरीपणा सांगतात, आणि वर्गात हशा पिकतो. या पुस्तकात मृत्यू किती आहेत असे विचारले, की मात्र वर्ग गप्प होतो. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन विनोदी शैलीचा नमुना म्हणून, स्त्री-आत्मचरित्राचा मानदंड म्हणून आणि धर्मांतराचा दस्तऐवज म्हणून पुष्कळ वाचले गेले आहे. शोकाचे पुस्तक म्हणून ते फारसे वाचले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात तसे वाचन करण्याचा प्रयत्न आहे. शोक, कुटुंबाकडून आलेला वारसा आणि भोवतालचा संकटांचा काळ या तीन गोष्टींचा मराठी ख्रिस्ती लेखनात कोणता परस्परसंबंध दिसतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

१. सोवळ्याच्या मुळाशी असलेला शोक

‘स्मृतिचित्रे’चा आरंभच एका मृत्यूच्या छायेत होतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. लक्ष्मीबाईंचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत फाशी झाली. या घटनेचा जबर धक्का त्यांचे जावई नाना गोखले यांना बसला आणि पुढे त्यांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेले धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत हे वेड गेले. घरातल्या बायकामुलांच्या वाट्याला त्याचा जाच आला. लक्ष्मीबाईंचा, म्हणजे त्या वेळच्या मनूचा, जन्म १८६८ चा. आजोबांच्या फाशीनंतर अकरा वर्षांनी जन्मलेल्या या मुलीने तो प्रसंग पाहिलेला नव्हता. तिने पाहिला तो त्या प्रसंगाचा घरात उरलेला परिणाम.

शोक नाहीसा होत नाही, तो रूप पालटतो, आणि ज्याला वाट मिळत नाही तो शोक पुढच्या पिढीच्या माथी जुलूम होऊन बसतो, हे येथे दिसते. नानांना सासऱ्यांच्या मृत्यूविषयी उघड बोलणे त्या काळात शक्य नव्हते. बंडाच्या आरोपावरून फाशी गेलेल्या माणसाचे नाव घेणेही धोक्याचे. जे जग असे एकाएकी विटाळले, ते धुऊन काढण्याचा उद्योग मग त्यांनी आयुष्यभर केला, असे म्हणता येईल. लेखिका हा अर्थ शब्दांत मांडत नाही. ती फाशी सांगते, सोवळे सांगते, आणि दोहोंमधला सांधा वाचकाच्या हाती ठेवून पुढे जाते. सोवळ्याच्या हकिकतीवर आपण हसतो तेव्हा त्यामागचा फास आपण विसरलेला असतो.

टिळकांच्या घरातही वारशाची अशीच गोष्ट आहे. नारायण वामन टिळकांचे वडील तापट, आई कवितेची आवड असलेली. वडिलांच्या संतापाचे पर्यवसान आईच्या मृत्यूत झाले आणि नारायण घर सोडून गेला. आईकडून कविता आणि वडिलांकडून संताप असा दुहेरी वारसा टिळकांनी वागवला. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या रागाची जी चित्रे रेखाटली आहेत ती या पार्श्वभूमीवर वाचली तर त्यांतील क्षमाशीलतेचा अर्थ उलगडतो. तो राग टिळकांचा एकट्याचा नाही, तो घराण्यातून आलेला आहे, ही जाण त्या लेखनाच्या मुळाशी आहे.

२. ज्या शोकाला विधी नाही

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंना जे भोगावे लागले त्याला रूढ भाषेत नाव नाही. नवरा हयात आहे, पण नातेवाइकांच्या दृष्टीने तो गेल्यासारखाच. लौकिकदृष्ट्या सौभाग्य शाबूत आहे, पण संसार मोडला आहे. विधवेच्या दुःखासाठी समाजाने विधी ठरवलेले होते, ते कितीही क्रूर असोत. हयात नवऱ्याच्या वियोगासाठी मात्र एकही विधी नव्हता. ना सवाष्ण, ना विधवा, अशा अवस्थेतल्या या बाईने लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने काही वर्षे काढली. जेमतेम लिहितावाचता येणारी ही स्त्री याच वियोगाच्या काळात पद्यरचनेकडे वळली, हे लक्षणीय आहे. विधीची जागा येथे प्रथमच शब्दांनी घेतली.

पुढे ती नवऱ्याकडे परतली, पण स्वतःचा धर्म आणि सोवळे सांभाळून. तिने बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, आपल्या विचाराने. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसांनी केला आहे, हे तिला पटले आणि ज्या सोवळ्याने तिचे बालपण करपले होते ते तिने स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले. आजोबांच्या फाशीपासून सुरू झालेली साखळी तिसऱ्या पिढीत येथे तुटली. या प्रसंगाकडे केवळ धर्मांतर म्हणून पाहिले तर त्याचा हा कौटुंबिक अर्थ निसटतो.

धर्मांतरित कुटुंबांच्या संदर्भात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेवरील हक्क शाबूत ठेवला. घर, जमीन, भांडीकुंडी यांचा वारसा कागदोपत्री सुरक्षित झाला. पण श्राद्ध, तर्पण, पिंडदान यांचा वारसा कोणत्याही कायद्याला राखता येणार नव्हता. नवख्रिस्ती मुलगा बापाचे श्राद्ध करीत नव्हता, आणि त्याचे स्वतःचे श्राद्ध करणारेही कोणी नव्हते. मृतांशी संबंध ठेवण्याची शतकानुशतकांची रीत एका पिढीत तुटली. तिच्या जागी काय आले? दफनभूमीतील शिलालेख आले, प्रार्थनासभा आल्या, गीते आली, आणि आठवणींचे लेखन आले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील मराठी ख्रिस्ती समाजात आत्मकथनाला जे महत्त्व मिळाले त्याचे एक कारण ‘साक्ष’ देण्याची धार्मिक प्रथा हे आहेच. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’पासून ती परंपरा दाखवता येते. परंतु मृतांचे ऋण फेडण्याची दुसरी वाट उरली नव्हती, हेही त्याचे कारण असावे, असे मला वाटते. ‘स्मृतिचित्रे’ या अर्थाने पतीचे श्राद्ध आहे, आणि आईवडिलांचेही.

३. पंडिता रमाबाई : दुष्काळातला ठेवा

तुलनेसाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, आणि १८८२ मध्ये तेही गेले. चोविसाव्या वर्षी ही स्त्री कडेवर लहानगी मनोरमा घेऊन जगात एकटी उरली. आपली साक्ष सांगताना रमाबाईंनी ‘ठेवा’ ही कल्पना मध्यवर्ती मानली आहे. ठेवा म्हणजे वडिलांनी मुलांसाठी राखून ठेवलेले धन. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी मुलीसाठी धन ठेवले नाही. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, त्यासाठी रोष पत्करला, आणि मुलीच्या पदरात विद्या टाकली. अखेरच्या दिवसांत त्यांनी मुलीला जवळ घेऊन देवाची सेवा करण्याविषयी जे सांगितले, त्याची आठवण रमाबाई ख्रिस्ती झाल्यानंतरही तितक्याच आदराने सांगतात. वडिलांचा धर्म सुटला, वडिलांचा ठेवा सुटला नाही, हा भेद मराठी ख्रिस्ती विचारातील महत्त्वाचा भेद आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, आणि तेथील निराधार मुलींना त्यांनी आपल्याकडे आणले. त्यातून केडगावचे मुक्तिसदन आकाराला आले. दुष्काळाने ज्यांचे घर पुसले त्या बाईने दुसऱ्या दुष्काळात शेकडो मुलींना घर दिले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या मुलीच्या हाती हे सर्व सोपवायचे, तीच आधी गेली. तरीही रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. या चरित्रात शोकाचे विवेचन थोडे आहे, शोकातून उभे राहिलेले काम पुष्कळ आहे.

४. सांत्वन की सोबत?

ख्रिस्ती शोकविचार म्हटला की स्वर्गातील पुनर्भेटीचे आश्वासन आठवते. टिळकांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या लेखनात ते नाही असे नाही, पण भर तेथे नाही. योहानाच्या शुभवर्तमानात लाजाराच्या कबरीपाशी येशू रडतो. काही क्षणांतच तो त्याला उठवणार आहे, तरीही रडतो. रडणे म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे, हे त्या कथेचे मर्म आहे. टिळकांच्या ‘बापाचे अश्रू’ या कवितेचे शीर्षकच अश्रूंना आड दडवत नाही. जुन्या करारातील स्तोत्रे, ईयोब आणि विलापगीत यांत देवाला जाब विचारणारा शोक आहे. तो मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. विठ्ठलाशी भांडणारी संतवाणी त्याच्या कानावर आहे. ज्ञानदेवांच्या समाधीप्रसंगाचे नामदेवांचे अभंग, किंवा दुष्काळात पत्नी गमावलेल्या तुकारामाची परखड वाणी हे आपल्या शोकसाहित्याचे मूळ धन आहे. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही टिळकांची भूमिका सर्वश्रुत आहे. ‘अभंगांजली’त ती रूपातही दिसते. शोकाची भाषा त्यांना बाहेरून उसनी आणावी लागली नाही.

लक्ष्मीबाईंच्या लेखनाचा विशेष याहून वेगळा आहे. अपत्यांचे मृत्यू त्या थोडक्या वाक्यांत सांगतात, विशेषणे जवळजवळ वापरीत नाहीत, आणि लगेच पुढच्या दिवसाच्या कामाकडे वळतात. प्लेगच्या दिवसांचे वर्णन करतानाही भीतीपेक्षा शुश्रूषेचा तपशील अधिक येतो. येथे विनोद हा शोकाचा विरोधी नाही, त्याचा सोबती आहे. ज्या घरात वारंवार मृत्यू येतो त्या घरात हसणे हीसुद्धा तग धरण्याची रीत असते. म्हणून या पुस्तकातला विनोद वेगळा काढून शिकवणे हे त्याचे अर्धेच वाचन ठरते.

५. अपुरे काव्य, दोन पिढ्या

टिळकांनी अखेरच्या काळात मिशनची चाकरी सोडली आणि १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. सुमारे ११ अध्याय झालेले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि शेवटच्या अध्यायाची भर त्यांचे पुत्र देवदत्त यांनी घातली. जिला नवऱ्याच्या धर्मांतराने एकेकाळी उद्ध्वस्त केले होते, तिनेच त्याच्या श्रद्धेचे महाकाव्य पुढे नेले. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून ग्रंथरूपाने येऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा तेही काम अपुरेच होते. देवदत्तांनी ते पूर्णत्वास नेले आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. १९५० मधील जोसेफिन इंक्स्टर आणि २०१७ मधील शांता गोखले यांच्या इंग्रजी भाषांतरांनी ते मराठीबाहेर गेले.

या क्रमाकडे नीट पाहिले तर या घराण्यात वारसा म्हणून मालमत्ता फारशी आली नाही, अपुरे राहिलेले काम आले. गेलेल्या माणसाने अर्धवट टाकलेली ओळ पूर्ण करणे हीच त्याची आठवण करण्याची रीत झाली. नाना गोखल्यांच्या घरात शोकातून धुणे निघाले आणि त्याने पुढच्या पिढीला बांधले. टिळकांच्या घरात शोकातून लेखन निघाले आणि त्याने पुढच्या पिढीला काम दिले. एकाच पुस्तकात शोकाची ही दोन्ही रूपे समोरासमोर आहेत, ही ‘स्मृतिचित्रे’ची खरी थोरवी होय.

६. अभ्यासाची पुढील दिशा

या विवेचनाला एक मर्यादा आहे, तिचा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. रमाबाई आणि टिळक दांपत्य ही ब्राह्मण घरांतून आलेली, लेखनाची परंपरा लाभलेली माणसे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र दलित जातींतून आलेला आहे. त्यांच्या पूर्वजांनी दुष्काळ आणि प्लेग अधिक जवळून भोगले, पण त्यांच्या शोकाला पुस्तकाचे रूप क्वचितच मिळाले. ते दुःख भजनांत, ख्रिस्ती कीर्तनांत, चर्चच्या नोंदवह्यांत, कबरींवरील ओळींत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले, आणि मिरजेस वानलेस यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उभे राहिले. या परिसरात चार-पाच पिढ्यांची ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांच्या घरांतील आठवणी गोळा करण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांना दूर जावे लागणार नाही. सायकलवर जाऊन येण्याच्या अंतरावर हे साहित्य आहे, आणि ते जपणारी पिढी दरवर्षी कमी होत आहे.

‘स्मृतिचित्रे’चा अभ्यास शैलीच्या वैशिष्ट्यांच्या यादीशी न थांबता येथपर्यंत पोहोचला, तर लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेल्या कामात आपलाही थोडा हातभार लागेल.