विनाशुल्क विद्येचे मोल

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. दिवस पोटाच्या मालकीचा असलेल्या माणसाला दिवसाच्या शाळेचा उपयोग नाही, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. प्रौढाला शाळेच्या वेळी येता येत नसेल, तर शाळेने आपली वेळ बदलावी, हे प्रौढशिक्षणाचे पहिले सूत्र होय. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत वेळेचा हा प्रश्न यंत्राने जवळजवळ निकालात काढला आहे. कचेरीतील कारकून रात्री दहा वाजता हातातील मोबाइलवर गणिताचे व्याख्यान ऐकू शकतो. गृहिणी दुपारच्या निवांत तासाभरात अर्थशास्त्राचा पाठ घेऊ शकते. तरीही प्रौढांची शिकण्याची वाट सुकर झाली आहे काय?

साधनांची वाण आज खचितच नाही. देशातील आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल हा उपक्रम हाती घेतला आणि तेथील प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांना खुली केली. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ सुरू केले. अभियांत्रिकीपासून तत्त्वज्ञानापर्यंतचे अभ्यासक्रम तेथे विनाशुल्क शिकता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षेस बसावयाचे असेल तरच शुल्क पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी तर एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पुरा करण्याची मुभा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिली. ज्या प्राध्यापकांच्या वर्गात बसण्यासाठी लक्षावधी मुले प्रवेशपरीक्षांना सामोरी जातात, त्यांचे व्याख्यान खेड्यातल्या शिक्षकालाही ऐकता यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु दार उघडणे वेगळे आणि आत आलेला माणूस टिकणे वेगळे. हार्वर्ड विद्यापीठ व एमआयटी या अमेरिकेतील संस्थांच्या अशाच खुल्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तिघांनीच अभ्यासक्रम पुरा केल्याचे तीत दिसून आले. नाव नोंदविलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी तर अभ्यासक्रमात पाऊलही टाकले नव्हते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत मात्र शेवटपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण शंभरात ४६ होते. यावरून ‘फुकटाची किंमत नसते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होईल. पण तो उतावळेपणाचा ठरेल. ज्याचा निश्चय आधीच झालेला असतो, तोच खिशात हात घालतो. शिवाय केवळ कुतूहलाने चार पाठ ऐकून जाणाऱ्याला नापास ठरविण्याचेही कारण नाही. मात्र पदवीच्या वा बढतीच्या आशेने आलेला प्रौढ मध्येच गळतो, तेव्हा ती गळती त्याच्या आळसाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

या बाबतीत ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचा इतिहास बोलका आहे. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ साली मांडलेली मूळ कल्पना आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून शिकविणाऱ्या विद्यापीठाची होती. १९६९ साली विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत पहिल्या तुकडीचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपणे होतीच. परंतु खरा भार वाहिला तो टपालाने येणाऱ्या पाठ्यपुस्तिकांनी, गावोगावच्या अभ्यासकेंद्रांनी, उन्हाळी वर्गांनी आणि मुख्यतः उत्तरपत्रिका तपासून समासात चार ओळी लिहिणाऱ्या मार्गदर्शक शिक्षकाने. शिक्षण दुरून द्यावयाचे असले तरी विद्यार्थ्याचे नाव ठाऊक असलेला एक माणूस जवळ लागतो, हे त्या संस्थेने प्रारंभीच जाणले.

आपल्याकडेही १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८२ साली हैदराबादेत, १९८५ साली दिल्लीत आणि १९८९ साली नाशकात मुक्त विद्यापीठे उभी राहिली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम आखला, मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके तयार केली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत अभ्यासकेंद्रे काढली. सर्व केंद्रांचा दर्जा सारखा असतो असे नव्हे. पण रविवारी चार समदुःखी एकत्र बसण्याची जागा तेथे निर्माण झाली, आणि ती मोलाची होती. नव्या विनाशुल्क अभ्यासक्रमांत नेमकी हीच जागा हरवली आहे. एनपीटीईएलची स्थानिक केंद्रे महाविद्यालयांत आहेत व तेथे समन्वयक प्राध्यापकही असतो. परंतु महाविद्यालयाशी संबंध सुटलेल्या चाळिशीच्या कारकुनाला विचारणारे कोण?

‘ज्याला तळमळ आहे तो शिकेलच’ हा युक्तिवाद ऐकण्यास गोड असला, तरी न्याय्य नाही. आठ तास नोकरी, दोन तास प्रवास आणि घरची जबाबदारी सांभाळणाऱ्याजवळ तळमळ असते; अडलेल्या ठिकाणी कोणाला विचारावे हे मात्र त्याला उमगत नसते. त्यातून व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत. काहींची मराठी भाषांतरे झाली आहेत, हे स्वागतार्ह आहे; परंतु भाषांतरित शब्द वाचणे आणि आपल्या भाषेत शंका विचारता येणे यांत अंतर आहे.

त्यासाठी नव्या इमारतींची गरज नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या आधाराने महाराष्ट्रात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आहे. त्यांतील काहींत आठवड्यातून दोन सायंकाळी एखाद्या अभ्यासक्रमाचे मंडळ भरविता येईल. रात्रशाळांचे वर्ग आहेत. निवृत्त शिक्षकांची तर कोठेच उणीव नाही. त्यांना माफक मानधन देऊन मार्गदर्शक नेमणे सरकारला जड जाऊ नये. कचेऱ्यांनीही पुऱ्या केलेल्या अभ्यासक्रमाची सेवापुस्तकात नोंद घ्यावी, म्हणजे रात्रीच्या जागरणाला दिवसा काही अर्थ येईल.

यात खर्च आहे, हे खरे. व्याख्यान एकदा मुद्रित केले की लाखांना पुरते. शंका मात्र ज्याची त्याला स्वतंत्रपणे सोडवून घ्यावी लागते, आणि त्याला माणूसच लागतो. सरकारने पहिला खर्च उचलला आहे. दुसरा टाळला, तर विनाशुल्क विद्येचा लाभ प्रामुख्याने आधीच शिकलेल्यांच्या पदरात पडेल, आणि ज्यांच्यासाठी रात्रशाळा निघाली होती ते उंबरठ्याबाहेरच राहतील.