बेडकांच्या कातडीवरील राखणदार

मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागले, की नाणेघाटाच्या पायथ्याशी वैशाखरे गाव येते. मृगाच्या सरी कोसळल्यावर तेथील भातखाचरांतून बेडकांचा जो गजर उठतो, तो ऐकणाऱ्यास बेडूक नाहीसे होतील हे खरे वाटणार नाही. आम्हांसही वाटत नसे. परंतु २०१३ साली निलेश डहाणूकर, आनंद पाध्ये प्रभृती संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतील बेडकांवर एका बुरशीचा संसर्ग असल्याचे प्रसिद्ध केले. हिच्याच घातक वाणाने जगभर उच्छाद मांडला आहे. २०१९ च्या मोजदादीप्रमाणे ५०१ उभयचर जातींचा ऱ्हास झाला. त्यांपैकी ९० नामशेष झाल्या असाव्यात.

बेडूक कातडीनेच पाणी पितो, काही अंशी श्वासही घेतो. बुरशी तेथे शिरली, की रक्तातील क्षार घटतात आणि अखेर हृदय बंद पडते.

रानातल्या प्रत्येक डबक्यात औषध कोण ओतणार? अमेरिकेतील रीड हॅरिस यांनी निराळी वाट काढली. सालामांडर या शेपटीवाल्या उभयचराच्या ओल्या कातडीवर एक जीवाणू राहतो. त्याचे जांभळे द्रव्य या बुरशीस मारक असते. कॅलिफोर्नियातील पिवळ्या पायांच्या बेडकांना त्या जीवाणूंच्या पाण्यात न्हाऊ घालून मग बुरशीचा संसर्ग केला, तेव्हा ते तगले. न न्हालेले खंगले व दगावले. हा प्रयोग २००९ चा. पुढे पनामातील सोनेरी बेडकांवर हाच उपाय केला, तर काही आठवड्यांत जीवाणू ओसरले आणि बेडूक मेले.

गृहिणींना याचे नवल वाटू नये. विरजण चांगले असून भागत नाही, ते दुधाला मानवावे लागते. कॅलिफोर्नियाच्या बेडकावर तो जीवाणू मुळातच आढळतो. पनामाच्या बेडकास तो परका होता.

म्हणून परदेशी जीवाणू बाटलीत भरून आणण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. सह्याद्रीत या बुरशीने बेडूक घाऊक मेल्याची नोंद नाही. हा गुण उष्ण हवेचा, मवाळ वाणाचा, की कातडीवरील घरच्याच राखणदारांचा? ते पाहण्याची रीत साधी आहे. काडीवरील निर्जंतुक कापसाचा बोळा बेडकाच्या पोटावरून, मांड्यांवरून, बोटांवरून फिरवायचा आणि बेडूक तेथेच सोडायचा. बोळ्यावरील जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून शेजारी बुरशी पेरतात. जो तिला जवळ फिरकू देत नाही, तो निवडतात. मात्र दर बेडकागणिक हातमोजे नवे हवेत आणि दर डबक्यानंतर बूट धुऊन, जंतुनाशक लावून वाळवायला हवेत. नाही तर राखणदार शोधणाऱ्याच्याच पायांनी रोग पुढच्या डबक्यात जातो.